कासाला टीम मीटिंगमध्ये बसवायचं की नाही?

बेएरियाकर: काल इथे कुणीतरी लिहिलं की फॉस्टर केअरमधल्या (आईबापांकडून काढून दुसऱ्या घरी ठेवलेल्या) मुलाच्या सीएफटी मीटिंगला, म्हणजे मूल, घरचे आणि सोशल वर्कर एकत्र बसतात त्या टीम मीटिंगला, कासाला (अमेरिकेत मुलाची बाजू मांडायला कोर्ट नेमतं त्या व्हॉलंटियरला) बोलवूच नये, "कोर्टाने नेमलंय ना, मग कोर्टाला रिपोर्ट द्या, टीममध्ये लुडबुड नको". वाचून डोकंच फिरलं! मूल कुठल्या घरी जाणार, शाळा बदलणार का, भावंडं एकत्र राहणार का, हे सगळं बरेचदा त्या मीटिंगमध्येच ठरतं, जजसमोर जातं ते ठरलेलंच. मी कासा आहे, माझ्या केसमधल्या सोशल वर्कर सारख्या बदलतात. मागच्या मीटिंगला नवीन बाई तिथेच बसून फाइल चाळत होत्या आणि पोराला दुसऱ्या गावी हलवायची बोलणी चालू. त्याचा धाकटा भाऊ याच गावात आहे हे मी सांगितलं तेव्हा कळलं त्यांना. १९७७ ला सिअ‍ॅटलच्या जज सूकपनी कासा सुरू केलं ते यासाठीच, अर्धवट माहितीवर मुलांचे निकाल द्यायला लागत होते म्हणून.

माजी_केसवर्कर: ते मीच लिहिलं होतं आणि अजूनही तेच म्हणते. ३० तासांचं ट्रेनिंग घेतलेला व्हॉलंटियर आणि रात्रीबेरात्री फोन उचलणारी केसवर्कर एकाच मापाने मोजता? मीटिंग आईबापांचीही असते. समोरचा माणूस जजला लिहून देणार हे माहीत असताना कुठली आई कबूल करेल की मी परत प्यायले? आमच्या एका मीटिंगमध्ये कासाबाईंनी काढलं काय, तर आईकडे मुलाला वेगळी खोली नाही आणि फ्रीज रिकामा. महिनाअखेर होती हो!

गिरगाव_टू_न्यूजर्सी: वेगळी खोली??? आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत सात जण वाढलो, कुणी उचलून नेलं नाही. इथे गरिबीलाच हेळसांड म्हणतात. त्यात अमेरिकेचा १९९७ चा कायदा, २२ महिन्यांतले १५ महिने मूल फॉस्टर केअरमध्ये राहिलं की आईबापांचा हक्कच काढायला अर्ज, काही अपवाद सोडले तर. स्वस्त घराच्या वेटिंग लिस्टला त्याहून जास्त वेळ लागतो.

ओहायोची_आई: चाळीचे गोडवे पुरे. आम्ही फॉस्टर पेरेंट आहोत. आमच्याकडे आलेल्या पोरीच्या दाढा इतक्या किडलेल्या की पोळी चावता येत नव्हती, वरणात कुस्करून द्यायचे. ही गरिबी नव्हे.

गिरगाव_टू_न्यूजर्सी: मग डेंटिस्टचा खर्च आईला द्यायचा होता, तुम्हाला मुलामागे पैसे मिळतात तसे!

ओहायोची_आई: पैशासाठी करतो म्हणताय? तोंड सांभाळून बोला.

बेएरियाकर: भांडण आवरा, मुद्दा मीटिंगचा आहे. माजी_केसवर्कर, आईच्या व्यसनाचं बोलणं चालू असताना कासाने बाहेर थांबावं, एवढं मान्य. प्लेसमेंट, म्हणजे मूल कुठे राहणार ते ठरताना मात्र उठणार नाही.

माजी_केसवर्कर: आधी हे सांगा, मुलाचा भाऊ कुठे राहतो ते इथे लिहिता, गोपनीयतेची शपथ घेतलीय ना? असो. भावाचं त्या नव्या बाईंना माहीत असायला हवं होतं, ती चूक आमच्या बाजूची. मूल हो म्हणत असेल तर बसा. पण मीटिंगच्या सुरुवातीला आईला तोंडावर सांगायचं की मी जजला रिपोर्ट देणार आहे, आणि तिला समजेल अशा भाषेत, गरज पडली तर दुभाषी बोलावून.