'शक्यता' की 'व्यवहार्यता'? अवकाशातल्या सौर विजेच्या निमित्ताने

प्रश्न :
शाळेच्या विज्ञान भित्तिपत्रकासाठी टिपण लिहिते आहे : अवकाशात सौर वीज तयार करून ती पृथ्वीवर आणता येईल का? 'फिजिबिलिटी'साठी मी 'शक्यता' लिहिलं, सहकारी म्हणतात 'व्यवहार्यता' हवं. सातवीच्या मुलांना हा शब्द जड नाही का होणार? आणि 'बीम'ला झोत म्हणू की शलाका?

प्रतिसाद :
ताई, 'फिजिबिलिटी'साठी 'शक्यता' नको. 'उद्या पावसाची शक्यता आहे' हे मुलं रोज ऐकतात, त्यामुळे त्यांना त्यात संभव ऐकू येईल. 'व्यवहार्य'मध्ये 'व्यवहार' आहे. 'बोलणं ठीक, पण व्यवहाराचं काय?' असं घरात कुणी विचारलं की पैसा, वेळ, माणसं सगळं त्यात येतं. मुलांना हा शब्द कळतो, फक्त त्याला लागलेला प्रत्यय नवा आहे.

या विषयात तर सगळा वाद या दोन शब्दांमधल्या अंतराचाच आहे. अमेरिकी अभियंते पीटर ग्लेझर यांनी १९६८ मध्ये ही कल्पना मांडली : उपग्रहावर उन्हापासून वीज करायची, ती मायक्रोवेव्ह लहरींच्या झोतातून खाली पाठवायची आणि जमिनीवरच्या अँटेनाने तिची पुन्हा वीज करायची. त्याआधीच, १९६४ मध्ये, अमेरिकी अभियंते विल्यम ब्राउन यांनी मायक्रोवेव्हच्या ऊर्जेवर छोटं हेलिकॉप्टर उडवून दाखवलं होतं. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात गोल्डस्टोनला सुमारे दीड किलोमीटर अंतरावर ३० किलोवॉटहून जास्त वीज बिनतारी पोचवली गेली. २०२३ मध्ये कॅलटेक या अमेरिकी विद्यापीठाच्या, कक्षेत फिरणाऱ्या उपकरणाने पृथ्वीकडे सोडलेल्या लहरी पॅसाडेनातल्या एका छतावर टिपल्या गेल्या. त्या अगदी क्षीण होत्या, त्यांवर दिवाही लागला नसता, पण आल्या. म्हणजे शक्य आहे, यात शंका उरलेली नाही.

व्यवहार्य? नासाच्या जानेवारी २०२४ च्या अहवालाने दोन आराखडे तपासले. २०५० च्या सुमाराससुद्धा ही वीज जमिनीवरच्या अपारंपरिक विजेपेक्षा १२ ते ८० पट महाग पडेल, असा त्यातला हिशेब आहे. मोठा खर्च हजारो टन सामान वर नेण्याचा. तेव्हा तुमच्या टिपणात 'शक्य' आणि 'व्यवहार्य' हे दोन्ही शब्द हवेत, आणि ते वेगवेगळ्या वाक्यांत हवेत.

प्रश्नकर्ती :
पटलं. मग झोत?

प्रतिसाद :
मी 'झोत'च लिहीन. शलाका म्हटलं की सरळ, बारीक काडी डोळ्यांपुढे येते, आणि इथे तसं घडत नाही. उपग्रह जिथे पृथ्वीवरच्या एकाच जागेच्या वर राहतो, ती भूस्थिर कक्षा ३५,७८६ किलोमीटरवर. तिथून निघालेला झोत वाटेत पसरतोच. अमेरिकेच्या १९७० च्या दशकाअखेरच्या आराखड्यात वरचा अँटेना १ किलोमीटर व्यासाचा होता, तरी खालचा ग्राहक अँटेना सुमारे १० बाय १३ किलोमीटरचा लंबगोल धरावा लागला. तेवढी जागा कुठून आणायची, हाही व्यवहारच.

पण 'झोत' म्हटल्यावर मुलं विचारतील, खाली उभं राहिलं तर भाजेल का? त्या आराखड्यात झोताच्या ऐन मध्यावर तीव्रता दर चौरस मीटरला २३० वॉट होती. भर दुपारचं ऊन साधारण १,००० वॉटचं असतं. तरीही मायक्रोवेव्ह शरीरात आत शिरतात, म्हणून तिथे माणसांना येऊ द्यायचं नाही, असंच गृहीत आहे. हे जरूर लिहा, भीतीला उत्तर मिळालं पाहिजे.

आणखी एक विनंती. 'सूक्ष्मलहरी' लिहू नका, 'मायक्रोवेव्ह'च ठेवा. या कामासाठी विचारात घेतलेल्या २.४५ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी १२ सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून किंचित जास्त. तिला सूक्ष्म म्हटलं की मूल ती भिंगातून शोधायला जाईल.

प्रश्नकर्ती :
वाक्य असं केलंय : 'अवकाशातून वीज आणणं शक्य आहे, पण ते अजून व्यवहार्य झालेलं नाही. तिथे ऊन चोवीस तास, अखंड मिळतं.'

दुसरा प्रतिसाद :
पहिलं वाक्य उत्तम. दुसऱ्यात 'अखंड' खटकतं. विषुवदिनांच्या, म्हणजे दिवस-रात्र समान असतात त्या दिवसांच्या, आगेमागे काही आठवडे भूस्थिर उपग्रह रोज मध्यरात्रीच्या सुमारास पृथ्वीच्या सावलीतून जातो, जास्तीत जास्त सत्तरेक मिनिटं. 'जवळजवळ अखंड' लिहा.