रूर भागातले तलाव: मुलांना घेऊन पाण्यात कुठे उतरता येईल?

ह्योर्डेकर

नमस्कार मंडळी,

आम्ही मार्चमध्ये जर्मनीतल्या डॉर्टमुंडला, ह्योर्डे भागात राहायला आलो. मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच. जुलैत सासूबाई येताहेत, त्यांचे गुडघे दुखतात. गाडी नाही, आम्हा दोघांकडे डॉइचलांडटिकिट (देशभरच्या स्थानिक गाड्या-बसचा मासिक पास) आहे.

घरापासून दहा मिनिटांवर फीनिक्स-झे आहे (झे म्हणजे तलाव). गेल्या रविवारी छान ऊन पडलं म्हणून टॉवेल, पोहायचे कपडे, फुगवायची रिंग असं सगळं बांधून निघालो. मुलगी जेमतेम घोट्याएवढ्या पाण्यात गेली, तोच फिरायला आलेल्या एका आजोबांनी हाक मारून पाटी दाखवली. पोहायला मनाई. ते अगदी नीट बोलले, पण पोरीचे डोळे भरून आले. पाणी नितळ, शिडाच्या होड्या फिरताहेत, मग आपण का नाही? तिच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ऑफिसात एक जण म्हणतो, एसेनला रूर नदीवरच्या बाल्डनायझेला जा. दुसरी म्हणते, रूर नदीत कशाला उतरताय, इतकी वर्षं इथे कोळसा आणि पोलाद होतं, ती घाण कुठे गेली असेल? तिचंही पटतं. उन्हाळा हातचा जाण्याआधी कुणी अनुभवाने सांगाल का?

काठावरची

तुमच्या मुलीचा प्रश्न अगदी बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी २००६ पासून एसेनमध्ये हायसिंगेनला राहते. घरातून उतार उतरला की बाल्डनायझे.

पहिली गोष्ट, या भागातला एकही मोठा तलाव मुळातला नाही. कुणीतरी तो कशासाठी तरी बांधला, खणला, नाहीतर खाणीमुळे जमीन खचली आणि पाणी आपोआप साचलं. तो कशासाठी झाला हे समजलं की त्यात काय चालतं आणि काय नाही हे बहुतेक वेळा आपसूक कळतं.

तुमचा फीनिक्स-झे घ्या. तिथे पोलादाचा कारखाना होता. १८४१ साली सुरू झालेला, २००१ साली बंद पडला. यंत्रसामग्री सुटी करून चीनला गेली. मग तो सगळा पट्टा खणला आणि १ ऑक्टोबर २०१० ला पाणी सोडायला सुरुवात झाली. २०११ च्या मे महिन्यात लोकांसाठी खुला झाला. क्षेत्रफळ २४ हेक्टर, खोली मात्र तीन-चार मीटरच. असं उथळ पाणी उन्हात पटकन तापतं. त्यात खतासारखी द्रव्यं वाढली की शेवाळ माजतं, म्हणून पाण्यातलं फॉस्फेट काढायला तिथे वेगळं संयंत्र बसवलेलं आहे. शिवाय शेजारून वाहणाऱ्या एम्शर नदीला पूर आला तर जादा पाणी या तलावात घ्यायची सोय आहे. म्हणजे तो पूर सामावणारा, नजरेला सुख देणारा, शिडाच्या होड्यांचा तलाव आहे. पोहण्यासाठी तो केलेलाच नाही. मुलीला एवढं सांगा आणि काठावरचं ते काळं, फुगीर लोखंडी भांडं दाखवा. ती थॉमस-बिर्न. वितळलेल्या लोखंडाचं पोलाद करायचं पात्र, कारखान्याची आठवण म्हणून ठेवलंय. आणि तिथल्या बदकांना पाव घालू देऊ नका. तो पाव शेवटी शेवाळाच्याच पोटात जातो.

आता तुमच्या ऑफिसातल्या बाईंची शंका. इथे तीन नद्यांनी कामं वाटून घेतली होती असं म्हणायला हरकत नाही. रूर पिण्याच्या पाण्याची, एम्शर सांडपाण्याची, लिप्पे कारखान्यांना लागणाऱ्या पाण्याची. खाणींमुळे जमीन सतत खचायची, जमिनीखाली गटारं घातली असती तर फुटली असती. म्हणून एम्शरला काँक्रीटच्या पन्हळीत बसवून तिचंच उघडं गटार केलं. तुमच्या ह्योर्डेत तर ती कारखान्याखालून पाइपातून जायची. १९९२ पासून तिची सुटका करायचं काम चाललं, आणि २०२१ च्या अखेरीपासून तिच्यात सांडपाणी जात नाही. आज तुम्ही फीनिक्स-झेच्या बाजूला जो गवतातून वाहणारा ओहोळ बघता, तो हाच. तिथे प्रत्येक वेळी माझा पाय थबकतो.

रूरची गोष्ट वेगळी. तिच्यातूनच शहरं पाणी प्यायची, म्हणून १९१३ साली तिच्या स्वच्छतेसाठी खास कायदा करून रूरफरबांड ही संस्था उभी केली. पुढे नदीवर एकामागून एक बांध घातले: हेंगस्टायझे १९२९, हार्कोर्टझे १९३१, आमचा बाल्डनायझे १९३३. नदी बांधापाशी मंदावते, घाण तळाशी बसते, उरलेलं काम पाण्यातले जीव करतात. थोडक्यात, हे तलाव नदी निवळायच्या टाक्या होत्या. लोक तिथे पोहायचेही, पण १९७१ पासून रूरमध्ये पोहणं बंद झालं ते थेट २०१७ पर्यंत.

माझ्या शेजारच्या आजोबांनी तारुण्यात कार्ल फुंके खाणीत काम केलं. ती १९७३ ला बंद झाली, तिचा लोखंडी मनोरा अजून तलावाच्या काठी उभा आहे. दिवसपाळी संपली की ते थेट पाण्यात उडी मारायचे. २०१७ च्या मेमध्ये पोहण्याची जागा पुन्हा उघडली तेव्हा त्यांना एकाहत्तरावं वर्ष होतं. मला म्हणाले, चल, टॉवेल धरायला कुणीतरी हवं. पाणी चांगलंच गार होतं. ते कमरेपर्यंत गेले, दोन्ही तळवे पाण्यावर सपाट ठेवले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग एकदम बुडी मारली. बाहेर आले तेव्हा ओठ निळे पडले होते, आणि बोलले ते एवढंच, की चव तीच आहे. ते गेले त्याला आता तीन वर्षं झाली. म्हणून कुणी रूरला घाणेरडी म्हटलं की मला वाईट वाटतं.

तरीही नियम कडक आहेत आणि ते पाळाच. बाल्डनायझेवर उत्तर काठाच्या सीसाइड बीचवर, आखून दिलेल्या भागातच उतरता येतं. मोठा पाऊस झाला की काही दिवस तेही बंद. कारण या शहरांत पावसाचं आणि सांडपाण्याचं गटार बऱ्याच ठिकाणी एकच आहे. पाऊस आवाक्याबाहेर गेला की ते मिश्रण नदीत ओसंडतं. वरून ऊन पडलेलं असतं, पाणी छान दिसतं, आणि तेव्हाच ते वाईट असतं. निघण्याआधी त्या दिवसाची स्थिती बघा. काठावर लाल झेंडा असेल तर वाद घालू नका. लाल-पिवळा झेंडा म्हणजे जीवरक्षक हजर आहेत.

आणि मुलांबद्दल एक. इथे २५ मीटर पोहून दाखवलं की झेफेर्डशेन बिल्ला मिळतो आणि आईबाप निर्धास्त होतात. होऊ नका. तो सुरुवातीचा बिल्ला आहे. कांस्य बिल्ल्यासाठी सलग १५ मिनिटं आणि त्यात किमान २०० मीटर पोहावं लागतं. तोवर मूल हाताच्या अंतरावर हवं. फुगवलेल्या रिंगचा भरवसा धरू नका, वाऱ्याने ती आत ओढली जाते.

ड्यूसबुर्गवाला

ताईंनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त खड्ड्यांबद्दल बोलतो. आमच्याकडे झेक्स-झेन-प्लाटे आहे, एकमेकांना लागून सहा तलाव, वाळू-खडी काढून झालेले. झाडी दाट, रस्ते सपाट. पोहायचं तर त्यातल्या वोल्फ्सझेच्या राखीव पोहण्याच्या जागी, बाकी ठिकाणी नाही.

हे आग्रहाने सांगतोय त्याला कारण आहे. पाच वर्षांपूर्वी आम्ही एका वेगळ्याच खडीच्या खड्ड्यावर गेलो होतो. तिथे पहारा नाही, पाटी होती पण आम्ही वाचली नाही. मुलगा सहा वर्षांचा, गुडघाभर पाण्यात खेळत होता. एक पाऊल पुढे टाकलं आणि डोक्यासकट दिसेनासा झाला. यंत्राने खणलेला काठ पायऱ्यांसारखा तुटतो, खालची वाळू पायाखालून सरकते. मी दोन हातांवर होतो म्हणून दंडाला धरून काढला. पाणी वर कोमट होतं, पण माझा हात खोल गेला तिथे बर्फासारखं. ती दोन-तीन सेकंदं अजून रात्री आठवतात. नकाशावर निळा ठिपका दिसला म्हणून जाऊ नका, एवढंच.

बोखुमची विद्यार्थिनी

केमनाडर झे सांगायचा राहिला! रूरवरच्या या तलावांतला सगळ्यांत धाकटा, १९८० च्या सुमाराचा. पोहायला मनाई आहे, पण मुलांना सायकल किंवा स्केट्स असतील तर याच्यासारखी जागा नाही. स्केट्सवाल्यांना वेगळी वाट आहे. परीक्षेच्या दिवसांत मी संध्याकाळी एक फेरी मारते. जवळच विटनला नाखटिगाल खाणीचं संग्रहालय आहे, पाऊस आला तर तिथे जाता येतं.

एक विचारायचंय, डॉर्टमुंडच्या कालव्यात पोरं उड्या मारताना दिसतात. ते चालतं का?

काठावरची

कालव्यात पुलावरून उडी मारायला बंदीच आहे, आणि पूल, जलपाश (बोटी वर-खाली नेणारे पाण्याचे दरवाजे), बंदर यांच्याजवळ पोहायलाही. इतरत्र लोक पोहतात हे खरं. मी मुलांना कधी नेणार नाही. मालवाहू बोट जवळून गेली की पाणी तिच्याकडे ओढलं जातं, आणि काठ म्हणजे उभे लोखंडी पत्रे. शिडी सापडेपर्यंत दमलेला माणूस धरणार कशाला?

ह्योर्डेकर, सासूबाईंचे गुडघे लक्षात आहेत. एस ६ या लोकल गाडीने बाल्डनायझेच्या काठच्या एसेन-ह्यूगलला उतरा, स्टेशन पाण्यालगतच आहे. वर झाडीत क्रुप या पोलाद कारखानदार घराण्याचा वाडा, व्हिला ह्यूगल, पण तो चढ त्यांना नको. काठाने सपाट चालत या, बाकं भरपूर. पूर्ण फेरी साधारण १४ किलोमीटरची आहे, त्या भानगडीत पडू नका. वाइसे फ्लोटेच्या, म्हणजे तलावात फिरवणाऱ्या प्रवासी बोटीत बसवा, बसल्या जागी त्यांना सगळा तलाव दिसेल.

उन्हाळ्यात पाण्याखाली एलोडेआ नावाचं तण वाढतं, वल्ह्यांना आणि बोटींना अडकतं, म्हणून ते कापणाऱ्या बोटी फिरतात. काठावर त्याचे हिरवे ढीग दिसतील, ओल्या गवताचा किंचित कुजका वास येईल. ती घाण नाही. उलट पाणी इतकं निवळलंय की ऊन तळापर्यंत पोहोचतं, म्हणून ते उगवतं. निळ्या-हिरव्या शेवाळाचं मात्र वेगळं. गुडघाभर पाण्यात उभं राहून स्वतःचे पाय दिसत नसतील तर बाहेर या आणि मुलांना आंघोळ घाला.

खरी वाळू हवी असेल तर हाल्टर्न. स्टेव्हर नदी अडवून केलेला पिण्याच्या पाण्याचा जलाशय आहे. तिथलं पाणी वाळूतून झिरपवून पुढे नळाला जातं. म्हणूनच राखीव किनारा सोडून कुठेही उतरू देत नाहीत, पण तो किनारा पाच वर्षांच्या मुलासाठी मला सगळ्यांत आवडतो, उतार हळूहळू वाढतो. हाल्टर्नजवळचा झिल्बरझेसुद्धा सुंदर, पांढऱ्या वाळूचा, पण गाडीशिवाय जिकिरीचं होईल.

आणि तुमच्याच शहरातला लान्स्ट्रोपर झे एकदा बघा. पाण्यात उतरायला नाही, राखीव क्षेत्र आहे. खाणीमुळे शेतजमीन खचली आणि तिथे पाणी साचलं, कुणी ठरवून केलेला नाही. पहाटे पक्षी फार छान दिसतात.

ह्योर्डेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बाल्डनायझेला जाऊन आलो म्हणून लिहितेय.

शुक्रवारी रात्री धो धो पाऊस झाला होता. स्थिती बघितली तर पोहणं बंद. मुलीला आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं, गटार एकच असतं वगैरे. तिने आजीला बोटीत ते सगळं पुन्हा समजावलं, माझ्यापेक्षा नीट. कार्ल फुंकेचा मनोरा दिसल्यावर तिने विचारलं, ते आजोबा इथूनच उडी मारायचे का? काकू, मी हो म्हटलं. चुकलं असेल तर सांगा.

सासूबाई दोन तास बाकावर बसल्या होत्या, पाय लांब करून. परत निघताना त्यांनीच विचारलं की पाणी उघडेल तेव्हा आपण पुन्हा येणार ना. पुढचा आठवडा कोरडा दाखवतोय. शनिवारी हाल्टर्नची गाडी बघून ठेवली आहे.

काठावरची

चुकलं नाही. मनोऱ्यापासून थोडं डावीकडे, जिथे दोन विलोची झाडं आहेत तिथून.