जहाजावर ओलीस ठेवलेल्या शाळकरी मुली : साहसकथेने त्यांच्या हाती पिस्तूल द्यावे का?

पाऊलखुणा (धागाकर्ती)

इतिहासातल्या काळात घडणाऱ्या किशोर-साहसकथांमध्ये एक प्रसंग पुन्हा पुन्हा भेटतो. निवासी शाळेकडे निघालेल्या मुलींची आगबोट भर समुद्रात चाच्यांच्या ताब्यात जाते, सोबतच्या शिक्षिका हतबल होतात, आणि मग चौदा-पंधरा वर्षांची नायिका पहारेकऱ्याच्या कमरेचे पिस्तूल हिसकावून, दोघाचौघांना लोळवून जहाज परत मिळवते. काळ बहुधा १९२० ते १९३५ च्या दरम्यानचा आणि समुद्र दक्षिण चीनचा असतो. या मुलींनी प्रतिकार करावा याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो कोणत्या प्रकारचा असावा, यावर मात्र लेखक फारसा विचार करत नाहीत असे मला वाटते, आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे.

या कथानकाच्या अगदी जवळची एक घटना खरोखर घडलेली आहे. जानेवारी १९३५ च्या अखेरीस ‘तुंगचाउ’ ही ब्रिटिश आगबोट शांघायहून उत्तरेला चीफू बंदराकडे, म्हणजे आजच्या यानताईकडे निघाली. तिच्यावर चीफूच्या मिशनरी शाळेत सुट्टीनंतर परतणारी सुमारे ७० मुलेमुली होती. उतारू म्हणून चढलेल्या चाच्यांनी बोट ताब्यात घेतली. त्या झटापटीत एक रशियन पहारेकरी मारला गेला. चाच्यांनी धुराड्याचा रंग बदलला, मूळ नाव पुसून जपानी वळणाचे नाव रंगवले आणि बोट दक्षिणेला, हाँगकाँगच्या ईशान्येकडील बायस बेच्या दिशेने वळवली. पुढे ‘हर्मिस’ या विमानवाहू नौकेच्या विमानांनी ती शोधून काढल्यावर चाचे पळून गेले आणि मुले सुखरूप हाँगकाँगला पोहोचली.

या घटनेत एकाही मुलीने पिस्तूल हिसकावले नाही. परंतु साहसकथा लिहिणाऱ्याला हवे ते सारे तिच्यात आहे. उत्तरेला जाणाऱ्या बोटीत सकाळचे ऊन उजव्या अंगाच्या खिडक्यांतून येते. एका सकाळी ते डाव्या अंगाने आत आले, तर ज्या मुलीने भूगोलाच्या तासाला लक्ष दिले आहे तिला कोणी न सांगताही कळेल की आपण शाळेपासून दूर चाललो आहोत. दिवसागणिक थंडी कमी होत जाणे, धुराड्यावर चढलेले रंगाऱ्याचे हात, पहारा बदलण्याची वेळ, कोणता चाचा लहान मुलांशी बोलतो आणि कोणता दारू पितो, ही सगळी माहिती केबिनमध्ये कोंडलेल्या मुलींच्या आवाक्यातली आहे. ती गुपचूप गोळा करणे, एकमेकींत वाटून घेणे, गरज पडेल तेव्हा अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवणे, लहान मुलांची भीती पसरू न देणे, हा त्या वयाचा आणि त्या परिस्थितीतला अस्सल प्रतिकार आहे. त्या जागी पिस्तूल आले की मुलगी मोठी होत नाही. तिच्याकडे खरोखर जे होते, तेच लेखक तिच्याकडून काढून घेतो.

दर्या

मी याच्याशी ठामपणे असहमत आहे. मुलगे नायक असलेल्या समुद्री साहसकथांमध्ये तेरा वर्षांचा पोरगा शिडावर चढून तलवार चालवतो, तेव्हा ‘त्याच्या आवाक्यातले काय होते’ असा प्रश्न आपण किती वेळा विचारतो? मुलींच्या बाबतीत मात्र वास्तवाची फूटपट्टी लगेच बाहेर निघते, आणि तिने मोजून झाल्यावर मुलींच्या वाट्याला येते ती सहनशीलता, निरीक्षण आणि लहानांना सांभाळणे. नेमकी हीच कामे त्यांना जमिनीवरही नेमून दिलेली होती. ओलीस असतानाही त्यांनी तीच करावीत, हे शौर्य म्हणून आमच्यासमोर ठेवले जात असेल, तर मला ते मान्य नाही.

आणि इतिहासाचीच साक्ष काढायची असेल, तर ती एकाच घटनेपुरती का? अटलांटिकवरच्या गुलामवाहू जहाजांवर पुरुषांना बेड्या घालून खाली कोंडत असत, तर स्त्रिया आणि मुले पुष्कळदा बेड्यांविना, अधिकाऱ्यांच्या राहण्याच्या भागाजवळ असत. त्या तेथे का ठेवल्या जात, याचे कारण भयानक होते. पण त्याच जागेमुळे शस्त्रे कोठे आहेत आणि खलाशी किती आहेत, हे त्यांना दिसत होते. १७२१ मध्ये सिएरा लिओनच्या किनाऱ्यावर ‘रॉबर्ट’ या ब्रिस्टलच्या जहाजावर टोम्बा नावाच्या बंदिवान पुढाऱ्याने उठाव केला. डेकवर खलाशी कमी असण्याची वेळ त्याला एका स्त्रीने कळवली आणि हत्यार म्हणून हातोडाही तिनेच आणून दिला. कित्येक उठावांच्या मुळाशी अशा बिनबेडीच्या स्त्रिया होत्या, हे इतिहासकारांनी मांडलेले आहे. तेव्हा जहाजावरच्या बंदिवान स्त्रीने हत्याराला हात लावणे ही काही आजच्या लेखकाची हौस नव्हे.

सुकाणू

दोघींचीही मते वाचली. माझा आक्षेप दोघींनाही आहे, कारण प्रतिकाराची किंमत कोण मोजते याचा हिशेब दोघींच्याही मांडणीत अपुरा आहे.

‘तुंगचाउ’वर ज्याने हत्यार चालवायचे ठरवले होते तो पहारेकरी मेला. त्यानंतर बोटीवर लढाई झाली नाही, आणि सत्तर मुले जिवंत राहिली त्यामागे हेही एक कारण आहे. उलट उदाहरण ‘सनिंग’ या बोटीचे. नोव्हेंबर १९२६ मध्ये तीही अशाच चाच्यांच्या हाती पडली. तिच्या अधिकाऱ्यांनी रात्री पहाऱ्यावरच्या चाच्यांना बेसावध गाठून ब्रिज, म्हणजे बोट जेथून हाकली जाते ती वरची जागा, परत मिळवला आणि तो लढवला. शौर्यात काहीच उणे नव्हते. पण ब्रिज हातचा गेल्यावर चाच्यांनी बोटीलाच आग लावली. हे अधिकारी प्रशिक्षित होते, बोटीचा कोपरा न् कोपरा त्यांना ठाऊक होता, आणि तरीही उतारूंना जळत्या बोटीत अडकून पडावे लागले. त्या जागी नवव्या इयत्तेतल्या मुली ठेवून, शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना सुखरूप बंदरात उतरवणारी कथा मला अप्रामाणिक वाटते. ज्या कथेत प्रतिकारामुळे एकाही निरपराध माणसाला इजा होत नाही, ती कथा प्रतिकाराविषयी काही सांगतच नाही.

त्या काळच्या आगबोटींची रचनाही लेखकांनी समजून घ्यावी. चाचेगिरीच्या भीतीने ब्रिज आणि इंजिनघर उतारूंच्या भागापासून लोखंडी जाळ्यांनी तोडलेले असे आणि जाळीच्या दारांवर सशस्त्र पहारा असे. चाचे आधी ही दारे ताब्यात घेत. म्हणजे बोट एकदा गेली, की मुलींना वाचवण्यासाठी बसवलेली जाळीच त्यांना कोंडून ठेवण्याच्या कामी येत असे. नायिका एका परिच्छेदात डेकवरून ब्रिजवर धावत जाते, तेव्हा लेखकाने बोटीचा नकाशासुद्धा पाहिलेला नसतो हे उघड होते.

अनाहत

साहसकथा ही सुरक्षिततेची सूचनापुस्तिका नव्हे. बारा वर्षांच्या वाचक मुलीला तिच्यासारखीच कोणीतरी जिंकताना पाहायची असते, आणि ती इच्छा खोटी नाही. हिशेब शिकायला तिच्यापुढे आयुष्य पडले आहे.

पाऊलखुणा (धागाकर्ती)

दर्या, ‘रॉबर्ट’वरच्या त्या स्त्रीचा उल्लेख आपण केला हे फार चांगले झाले, कारण तिच्यामुळेच माझे म्हणणे अधिक स्पष्ट करता येईल. तिने काय केले? डेकवर माणसे कमी केव्हा असतात, यावर तिने लक्ष ठेवले आणि ती खबर योग्य माणसापर्यंत योग्य वेळी पोहोचवली. हातोडा त्यानंतर आला. ज्या निरीक्षणाला आपण घरकामाच्या रांगेत बसवलेत, त्याच निरीक्षणावर तो उठाव उभा होता. उठाव फसल्यावर तिला अंगठ्यांना बांधून टांगण्यात आले आणि इतर बंदिवानांच्या देखत फटके व सुऱ्यांचे वार करून ठार मारण्यात आले. टोम्बाचे नाव राहिले, तिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. खबर काढणे हे दुय्यम, सुरक्षित काम असते, तर तिला अशी शिक्षा देण्याची गरज जहाजाच्या कप्तानाला वाटली नसती.

मुलग्यांच्या कथांना वेगळी फूटपट्टी लावली जाते, हा आपला आरोप मला पूर्ण मान्य आहे. त्यावर माझे उत्तर असे की तलवार फिरवणारा तेरा वर्षांचा पोरगाही मला तितकाच पोकळ वाटतो. त्या कथांचे दोष मुलींना वाटून दिल्याने समता येत नाही.

सुकाणू, किंमत दाखवलीच पाहिजे, हे बरोबर. पण ‘तुंगचाउ’वरच्या मुलांच्या शांत राहण्याला निव्वळ शरणागती म्हणता येणार नाही. सत्तर मुलांपैकी एकही किंचाळत डेकवर धावले नाही, तर ते आपोआप घडत नाही. कोणीतरी मोठ्या मुलांनी आणि सोबतच्या माणसांनी ते घडवून आणावे लागते.

खाडी

येथे अजून कोणीही विचारलेला नाही असा एक प्रश्न मांडते. या कथांमधले अपहरणकर्ते कोण असतात? तिरप्या डोळ्यांचे, क्रूर, एकाच साच्यातून काढलेले. बायस बेच्या किनाऱ्यावरची माणसे प्रामुख्याने कोळी आणि शेतकरी होती. चीनमधले राजवटीचे विघटन, लष्करी सरदारांची आपसांतली युद्धे आणि किनाऱ्यावरची कंगाली यांतून चाचेगिरी पोसली गेली. १९२७ मध्ये ब्रिटिश आरमाराने सूड म्हणून त्या खाडीकाठची घरे आणि गलबते जाळली. तेथेही शाळकरी वयाच्या मुली राहत होत्या, फक्त त्यांच्यासाठी शाळा नव्हती. मी चाच्यांची बाजू घेत नाही. मुलांना ओलीस धरणे हा गुन्हाच आहे. पण ज्या कथेत बंदी बनलेल्या मुलीला सगळे मन दिले जाते आणि तिच्यावर पहारा करणाऱ्या सतरा वर्षांच्या पोराला एकही विचार दिला जात नाही, त्या कथेतला प्रतिकार कोणाविरुद्ध आहे हेच कळत नाही.

आणखी एक. या बोटींवर सर्वाधिक उतारू चिनी असत, आणि खंडणीसाठी किनाऱ्यावर ओढून नेले जात ते बहुधा त्यांच्यापैकीच श्रीमंत लोक. गोऱ्या मुलांसाठी विमाने आली. खालच्या वर्गात बसलेल्या चिनी मुलीच्या नजरेतून हीच बोट कोणी लिहीत नाही. तिला चाच्यांची भाषा कळण्याची शक्यता अधिक. धागाकर्तीचे निरीक्षण आणि खबर हे सारे तिच्या हाती अधिक प्रमाणात होते, तरी धाग्यातही ती आतापर्यंत आलेली नाही.

दर्या

खाडी यांचा प्रतिसाद मला महत्त्वाचा वाटतो, आणि त्याने माझे मत आणखी पक्के झाले. ज्या मुलीसाठी विमान येणार नाही, तिने काय करावे? सुटका करणारे कोणी येईल या खात्रीवरच शांत राहण्याचे शहाणपण उभे असते. गुलामवाहू जहाजावर ती खात्री नव्हती, म्हणून तेथे हातोडा उचलला गेला. तेव्हा प्रतिकार वयावर किंवा स्वभावावर ठरत नाही, बाहेरून मदत येण्याची शक्यता किती आहे यावर ठरतो. लेखकाने आपली नायिका कोणत्या बाजूला उभी आहे हे आधी ठरवावे. मदत येणार असेल तर थांबणे धैर्याचे. येणारच नसेल तर थांबण्याला मी धैर्य म्हणणार नाही.

कुतूहल

मदत कधी येईल हे ठाऊक नसताना काय होते, याचे उत्तर त्याच शाळेच्या इतिहासात आहे. जपानशी युद्ध पेटल्यावर चीफूच्या शाळेतली मुले आणि शिक्षक जपान्यांच्या कैदेत गेले. १९४३ मध्ये त्यांना चीनमधल्याच वेइशियेनच्या कैदी छावणीत हलवण्यात आले आणि सुटका झाली ती १७ ऑगस्ट १९४५ रोजी, अमेरिकी छत्रीधारी सैनिक उतरल्यावर. मधली वर्षे कधी संपतील हे कोणालाच माहीत नव्हते. त्या छावणीत शिक्षिकांनी वर्ग चालू ठेवले, मुलींची गर्ल गाइडची पथके चालू ठेवली, मुलींनी कोळशाच्या भुकटीचे गोळे वळून शेगडी पेटती ठेवली. दर्या यांच्या कसोटीने पाहिले तर हे थांबणेच ठरेल. मला ते तसे वाटत नाही, कारण कैद करणाऱ्याला कैद्याचा दिवस हवा असतो, आणि येथे दिवस कसा जाईल हे त्याला ठरवता आले नाही.

सुकाणू

वेइशियेनची तुलना मी जपूनच करीन. वर्षानुवर्षांच्या छावणीत दिनक्रम उभारता येतो. चाच्यांच्या बोटीत तीन-चार दिवस असतात, आणि त्यांतला प्रत्येक तास वेगळा असतो.

परंतु या चर्चेतून मला एक गोष्ट दिसू लागली आहे. आपण इथे जे भांडत आहोत, तेच त्या केबिनमधल्या मुलींनी भांडायला हवे. एकीला वाटेल की पहारा झोपतो तेव्हा जाळीच्या दाराची किल्ली काढावी. दुसरी म्हणेल की शेजारच्या केबिनमध्ये सात वर्षांची मुले आहेत, त्यांच्या जिवावर हा डाव खेळण्याचा अधिकार तुला कोणी दिला. तिसरीला खालच्या वर्गातल्या उतारूंची आठवण येईल. माझ्या वाचनातल्या या प्रकारच्या कथांमध्ये नायिका एकटीच ठरवते आणि बाकीच्या माना डोलावतात. सगळ्यांचा जीव पणाला लावणारा निर्णय एका पंधरा वर्षांच्या मुलीने कोणालाही न विचारता घेतला, तर ती आणि चाच्यांचा म्होरक्या यांच्यात त्या क्षणापुरते फारसे अंतर राहत नाही. म्हणून माझी मागणी आहे की मतभेदाचा तो प्रसंग पूर्ण लिहावा, आणि ज्या मुलीचे म्हणणे फेटाळले गेले तीच बरोबर होती असे पुढे निघाले, तर तेही लेखकाने झाकू नये.

पाऊलखुणा (धागाकर्ती)

ही मागणी मला मंजूर आहे, एका अटीवर. किल्ली काढू पाहणाऱ्या मुलीला मूर्ख ठरवून तो वाद सोपा करू नये, आणि नको म्हणणारीला भित्री ठरवूनही नाही. खाडी यांनी सुचवलेली चिनी मुलगी त्या केबिनच्या दाराशी आली आणि चाचे आपसांत काय बोलत आहेत हे तिने सांगितले, तर वादाचा निकाल कदाचित तिच्या शब्दावर लागेल. तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हाच मग त्या मुलींपुढचा पहिला खरा प्रश्न असेल.