चार भोकांची पट्टी आणि रिकामी आसने

चौथे वळण

अमेरिकेत मोटारशर्यती भरवणाऱ्या नॅसकारने १९८८मध्ये डेटोना आणि टॅलाडेगा या वेगवान मैदानांवर इंजिनाच्या घशात हवा अडवणारी पट्टी बसवली आणि त्या दिवसापासून हा खेळ मरणपंथाला लागला, असे माझे स्पष्ट मत आहे. बिल इलियटने १९८७ साली टॅलाडेगाच्या पात्रता फेरीत ताशी २१२.८०९ मैलांचा वेग गाठला होता. तो विक्रम आजही अबाधित आहे, कारण तो मोडण्याची परवानगीच नाही. ज्या खेळातला सर्वोच्च वेग इतिहासजमा झाला, तो पाहायला माणसांनी चारशे मैल गाडी हाकत का जावे? स्टँडमधली रिकामी आसने हेच त्याचे उत्तर.

शार्लटचा पाहुणा

वरील विधान इतक्या आत्मविश्वासाने केले आहे की उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. प्रथम कालक्रम पाहावा. पट्टी १९८८ची, गर्दीचा महापूर त्यानंतरचा. नव्वदच्या दशकात आणि पुढची पाच-सहा वर्षे मैदानवाले स्टँडवर स्टँड चढवीत होते. विष दिल्यावर रोगी पंधरा-वीस वर्षे बाळसे धरत असेल, तर ते विष नव्हे, एवढे तरी मान्य व्हावे.

दुसरे असे की, पट्टी का आली हे आपण सोयीस्करपणे गाळले आहे. ३ मे १९८७ रोजी त्याच टॅलाडेगाला बॉबी ॲलिसनच्या गाडीचा टायर फुटला, गाडी हवेत उचलली गेली आणि मुख्य स्टँडसमोरच्या जाळीवर आदळली. जाळीचा मोठा पट्टा फाटला, काही प्रेक्षक जखमी झाले, पण गाडी सुदैवाने मैदानाच्याच बाजूला पडली. (ती शर्यत त्याच्याच मुलाने, डेव्हीने, जिंकली.) ती पलीकडे गेली असती, तर आज आपण प्रेक्षकसंख्येवर नव्हे, या खेळावर बंदी कशी आली यावर बोलत असतो. कार्ब्युरेटरखाली चार भोकांची ॲल्युमिनियमची पट्टी बसवली, हवा तोडली, हवेबरोबर ताकद तुटली आणि गाड्या आवाक्यात आल्या. रस्टी वॉलेसने २००४ साली पट्टीविना चाचणी केली, तेव्हा सरळ भागात २२८ मैलांचा वेग लागला होता. त्या वेगाने उडालेली गाडी कोणाच्या मांडीवर पडावी, अशी आपली इच्छा आहे?

निवांत नटबोल्ट

पाहुण्यांचा कालक्रम बिनचूक आहे, निष्कर्ष मात्र अर्धवट आहे. पट्टीने वेग कमी केला हे दुखणे नाहीच. तिने सर्वांचा वेग सारखा केला, हे दुखणे आहे. ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला, पुढे जायला हाताशी काहीच शिल्लक नाही, म्हणून चाळीस गाड्या एकमेकींना चिकटून फिरतात आणि एकाची चूक वीस जणांना गिळते.

माझे वडील साताऱ्याहून आले होते, तेव्हा मी त्यांना हौसेने टॅलाडेगाला नेले. कानात बोळे घालून त्यांनी पंधरा-वीस फेऱ्या शांतपणे पाहिल्या आणि मग माझा दंड धरून ओरडून विचारले, “हे सगळे एकत्रच फिरताहेत, शर्यत सुरू कधी होणार?”

न्यू हॅम्पशायरच्या मैदानावरचा प्रयोगही आठवावा. २००० साली तिथे ॲडम पेटी आणि केनी अर्विन हे दोन चालक दोन महिन्यांच्या अंतराने अपघातात गेले, म्हणून सप्टेंबरच्या शर्यतीत पट्टी लावली. जेफ बर्टनने ३००च्या ३०० फेऱ्या आघाडीवर राहून काढल्या. सुरक्षिततेचा हेतू वंदनीय होता, पण शर्यत म्हणून त्या दुपारी काय उरले होते?

शार्लटचा पाहुणा

बर्टनचे उदाहरण स्वीकारतो. आता त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधली टॅलाडेगाची शर्यत आठवा. पाचेक फेऱ्या उरल्या असताना डेल अर्नहार्ट अठरावा होता आणि ती शर्यत त्याने जिंकली. ही किमया पट्टीने बांधलेल्या घोळक्यातच शक्य होती, आणि करणारा स्वतः पट्टीचा कट्टर निंदक होता. आपल्या वडिलांना त्या दिवशी न्यायला हवे होते.

टेनेसीची आत्या

भोके मोजून झाली असतील, तर मी एक साधी गोष्ट सांगते. आम्ही टेनेसीतल्याच ब्रिस्टलच्या मैदानावर रात्रीच्या शर्यतीला सहकुटुंब जात असू. शर्यतीच्या आठवड्यात तिथल्या एका हॉटेलने चौपट भाडे लावले आणि तीन रात्रींची सक्ती केली. वातानुकूलक रात्रभर बरोबर उशीवर गळत होता, म्हणून मी उशीच्या जागी बर्फाची रिकामी पेटी ठेवून झोपले. तक्रार केली, तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “बाई, शर्यतीचा आठवडा आहे.” त्यानंतर २००८ची मंदी आली, ह्यांची नोकरी डळमळली आणि आमचे जाणे थांबले ते थांबलेच. आमची चार आसने पट्टीने रिकामी केलेली नाहीत.

चौथे वळण

हॉटेलच्या गळतीचा वेगाच्या नियमांशी संबंध काय? ब्रिस्टलला तर पट्टी नव्हतीच.

टेनेसीची आत्या

तेच तर म्हणते आहे! तिथे पट्टी नव्हती, तरीही लोक यायचे थांबलेच ना? सुमारे १,६०,००० आसनांचे ते मैदान १९८२पासून सलग ५५ शर्यती भरलेले होते आणि मार्च २०१०मध्ये ती मालिका तुटली. आपण ब्रिस्टल कधी पाहिले तरी आहे का?

निवांत नटबोल्ट

आत्याबाई, ब्रिस्टलच्या गर्दीचे खापर एकट्या हॉटेलवाल्यांवर फोडू नये. २००७ साली तिथले काँक्रीट नव्याने ओतले आणि वळणांचा उतार वरच्या बाजूला वाढवत नेला, तिथून बिनसले. पूर्वी खालची एकच वाट चालत असे. पुढच्याला बंपरने ढुशी दिल्याशिवाय वाट मिळत नसे, आणि ढुशी खाल्लेला माणूस गाडीतून उतरून हेल्मेट फेकून मारत असे. नव्या काँक्रीटवर गाड्या शेजारी-शेजारी धावू लागल्या. तांत्रिकदृष्ट्या शर्यत सुधारली आणि प्रेक्षक वैतागले. शेवटी पुन्हा एकच वाट उरावी म्हणून २०१२मध्ये मालकांनी वरची वाट घासून काढली. लोक वेग पाहायला येत नव्हते आणि ओव्हरटेकही पाहायला येत नव्हते. ते भांडण पाहायला येत होते, असे मला आता वाटू लागले आहे.

शार्लटचा पाहुणा

म्हणजे आपला मूळ मुद्दा आपणच खोडला. आभारी आहे.

निवांत नटबोल्ट

खोडलेला नाही. घोळक्यात वीस गाड्या एकदम मोडल्या की भांडायचे कोणाशी, हेच कळत नाही. प्रत्येक वाक्यानंतर स्वतःला पदक देण्याची आपली सवय आवरावी.

चौथे वळण

ठीक आहे. पट्टीने गर्दी मारली नाही. ती मंदीने, गळक्या वातानुकूलकाने आणि ब्रिस्टलच्या काँक्रीटने मारली. डेटोनाने ४० कोटी डॉलर खर्चून २०१६ साली आसने दीड लाखाच्या आसपासवरून १,०१,५०० वर आणली आणि उरलेली रंगीबेरंगी करून ठेवली, जेणेकरून टीव्हीवर रिकामी आसनेही माणसांसारखी दिसावीत. तेही बहुधा हॉटेलवाल्यांच्या सांगण्यावरूनच असेल. पण एक सांगा. २०१९ साली दीड मैलाच्या फेरीच्या मैदानांवरही अश्वशक्ती ७५०वरून ५५०वर आणली. तिथे कोणती गाडी जाळीवर चढली होती? ती कपात कोणाच्या जिवासाठी नव्हती. गाड्या टीव्हीवर जवळजवळ दिसाव्यात म्हणून होती.

शार्लटचा पाहुणा

याला माझ्याकडे उत्तर नाही. ॲलिसनच्या अपघाताने कमावलेली सबब तिथे वापरणे गैर होते. अर्थात २०१९पर्यंत कितीतरी स्टँड उतरवूनही झाले होते, त्यामुळे आपल्या पहिल्या विधानाला याचा काडीचाही आधार मिळत नाही, हे नोंदवून ठेवतो.

टेनेसीची आत्या

भांडण छान रंगले. नॉक्सव्हिलला आमच्या घरी एक खोली रिकामी असते आणि तिथून ब्रिस्टल पावणेदोन तासांवर आहे. सप्टेंबरच्या रात्रीच्या शर्यतीला तिघांनीही यावे. वातानुकूलक गळत नाही. तीन रात्रींची सक्ती मात्र मीही करणार आहे.