अनुभव धागा : आर्कच्या बेटावर तुमचा थरकाप कधी उडाला?

मंडळी, 'आर्क : सर्व्हायव्हल इव्हॉल्व्ड' हा डायनोसॉरांच्या बेटावर जगून दाखवायचा व्हिडिओ गेम जून २०१५मध्ये अर्धवट अवस्थेत खेळायला मिळाला आणि ऑगस्ट २०१७मध्ये पूर्ण होऊन आला. मी तेव्हापासून खेळते. बेस, म्हणजे आपलं ठाणं, कसं बांधावं, कोणतं जनावर आधी माणसाळवावं यावर आपण तासन्‌तास बोलतो. पण या गेमने मला जितकं घाबरवलंय तितकं भुताखेतांच्या गेमनी कधी घाबरवलं नाही, आणि त्याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. म्हणून हा धागा. काळजाचा ठोका चुकला तो क्षण लिहा, किंवा गेम बंद केल्यावरही डोक्यातून गेला नाही तो. नुसतं 'टी-रेक्सने खाल्लं' एवढं नको. कुठे होतात, काय करत होतात, आधी काय ऐकू आलं, तेही सांगा.

सुरुवात मी करते. पहिलाच आठवडा. किनाऱ्यावर गवताची झोपडी आणि दारात एक पॅरासॉर (शाकाहारी डायनोसॉर), एवढीच माझी इस्टेट. धातू आणायला त्याला घेऊन आत जंगलात गेले आणि परतताना अंधार पडला. हातात मशाल. मशालीचा उजेड चार पावलांपुरता, त्यापलीकडे काळोख. झुडपांत चमकणारे दोन ठिपके दिसले. मग बाजूला आणखी दोन, आणि मागे वळले तर तिथेही. ट्रूडॉन नावाचे छोटे मांसभक्षक डायनोसॉर रात्री जास्त बळावतात आणि टोळीने येतात हे मला माहीतच नव्हतं. अंगावर आले तेव्हा जेमतेम कमरेएवढे. मला वाटलं, एवढ्याशा प्राण्यांना मी भाल्याने हाकलून देईन. पण त्यांच्या चाव्याने गुंगी चढते. पडदा काळवंडत गेला, हात उचलेना, आणि मी खाली पडले. मेले असते तर बरं झालं असतं, इतका तो वेळ वाईट होता. हलता येत नाही आणि आपल्याभोवती काय चाललंय ते ऐकू मात्र येतं. पॅरासॉरचं ओरडणं आधी थांबलं, मग माझा नंबर.

आजही मशाल पेटवली की मी आधी स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेते.

• • •

मला जमिनीवर कशाची भीती वाटत नाही. पाण्याचं बोला.

मोती आणि तेल समुद्राच्या तळाशी मिळतं, त्यामुळे आज ना उद्या खाली जावंच लागतं. मी डॉल्फिनसारख्या इक्थिओसॉरसवर बसून जायचो. फार लाघवी जनावर. माणूस दिसला की स्वतःहून जवळ येतं. त्या दिवशी खोलवर मंद निळसर दिवे तरंगताना दिसले. इतके सुंदर, की मी मुद्दाम तिकडे वळलो. ते दिवे म्हणजे निडेरिया, जेलीफिश. एकीचा स्पर्श झाला आणि मी पाठीवरून फेकला गेलो. शरीर बधिर, बटणं दाबतोय तरी काही होत नाही, वर प्राणवायूची पट्टी उतरतेय. पोहण्याइतकं भान आलं तोवर माझा इक्थी त्या दिव्यांच्या घोळक्यात अडकला होता. तो मला सोडून जात नव्हता. मीच त्याला 'मागे ये' सांगून ठेवलं होतं ना! एका बटणाने त्याला थांबवता आलं असतं, पण ते मला घाबरून आठवलंच नाही. मी वर पोचलो. तो आला नाही.

त्यानंतर हवेच्या नळ्या, कपडे, सगळी तयारी करूनही कित्येक महिने मी कमरेपेक्षा खोल पाण्यात गेलो नव्हतो.

• • •

रेडवूडचं जंगल. सगळे खाली बघून चालतात, मीही चालले. वर खोडाला चिकटून थायलाकोलिओ, म्हणजे सिंहासारखा शिकारी प्राणी, बसलेला असतो. थेट अंगावर उडी, आणि स्वार जनावरावरून खाली. ओरडले ती इतकी, की शेजारच्या खोलीतून आई धावत आली.

• • •

आमचा अनुभव थोडा लांब आहे आणि लिहायला जड जातंय.

आमची चौघांची ट्राइब, म्हणजे एकत्र खेळणारी टोळी, होती. गिगॅनोटोसॉरस हा प्रचंड मांसभक्षक डायनोसॉर माणसाळवायला काय लागतं ते खेळणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. सापळा, गुंगी आणणाऱ्या बाणांचे ढीग, गुंगीच्या औषधासाठी (नार्कोटिक) सडलेलं मांस आणि नार्कोबेरीची पोतीच्या पोती. अख्खा रविवार गेला. तो उठून उभा राहिला आणि आमच्याकडे वळून बघू लागला तेव्हा चौघंही हेडफोनवर किंचाळत होतो.

या प्राण्याबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी वाचलेली असते. त्याला मार बसत गेला की त्याचा राग साठत जातो, आणि मर्यादेबाहेर गेला की तो स्वाराला पाठीवरून फेकतो आणि समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो. आपला-परका बघत नाही. आम्हीही वाचलं होतं. तरी जवळ आलेल्या जंगली रेक्सच्या जोडीवर मी त्याला घातलं, तेही बेसच्या कुंपणालगत. दोन मिनिटांचं काम वाटलं.

मी फेकला गेलो. पडल्यावर मान वर केली तर त्याचं तोंड बेसकडे होतं. आत आमची अर्ध्या वर्षाची जनावरं होती. त्यांना आम्ही 'शांत राहा' अशा आज्ञेवर ठेवलेलं, म्हणजे हल्ला झाला तरी उलटून चावायचं नाही. अपघाताने एकमेकांत भांडणं नकोत म्हणून घेतलेली ती काळजी. ती जागची हलली नाहीत. एकामागून एक नावं पडद्यावर येत गेली. आमच्यातला एक जण फक्त 'थांबव, थांबव' म्हणत राहिला, आणि थांबवण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं.

राग उतरला तेव्हा तो पुन्हा आमचा झाला. परत त्याच्यावर बसता येत होतं. मला ते सर्वांत भयंकर वाटलं. माझा एक मित्र त्या दिवसानंतर खेळला नाही. आम्ही अजून मित्र आहोत, पण हा विषय निघाला की दोघंही गप्प होतो.

• • •

वरचं वाचून पोटात कालवलं.

माझा अनुभव आर्कच्याच 'अ‍ॅबरेशन' नकाशातला, म्हणजे बेटाऐवजी वेगळ्या जगातला. डिसेंबर २०१७मध्ये तो आला. वरच्या पृष्ठभागावर दिवसाच्या उन्हात माणूस जळून मरतो, म्हणून सगळं जगणं जमिनीखाली. जमीन फोडून नेमलेस नावाचे राक्षसी प्राणी येतात. खांद्यावर बल्बडॉगसारखा उजेडाचा प्राणी नसेल तर त्यांच्यापुढे निभाव लागणं कठीण. तेवढ्याचीही सवय होते. मला हलवलं ते रीपर नावाच्या राक्षसी प्राण्याने.

रीपर इतर जनावरांसारखा बाणांनी माणसाळत नाही. रीपर राणीला कमजोर करून तिच्या जवळ जायचं आणि तिने तुमच्या शरीरात बीज ठेवायचं. मग ते तुमच्या आत वाढतं. तुम्ही जितका अनुभव कमवाल तितकी त्याची पातळी वाढते, आणि शेवटी ते छाती फाडून बाहेर येतं. माझ्या मैत्रिणीने सगळी पद्धत नीट समजावली होती, मी हौसेने गेले, राणीने पकडलं. त्या वेळी मी स्वतः पाच महिन्यांची गरोदर होते. आधी याचा विचारच मनात आला नव्हता. पडद्यावरचं ते पात्र इकडेतिकडे धावतंय, दगड फोडतंय, आणि त्याच्या आत काहीतरी त्याच्या जिवावर मोठं होतंय. मी हात पोटावर ठेवला आणि गेम बंद केला.

मुलगी आता शाळेत जाते. बाकीचे नकाशे मी पूर्ण खेळले. तिथे मात्र परत गेले नाही.

• • •

जनावरांबद्दल सगळ्यांनी लिहिलंय, म्हणून मी माणसांबद्दल लिहितो.

सर्व्हरवर लॉगआउट केलं तरी तुमचं शरीर तिथेच झोपलेलं राहतं हे नवीन लोकांना माहीत नसतं. मी दार लावून झोपलो होतो. दुसऱ्या दिवशी आलो तर मी पिंजऱ्यात, हातात बेड्या, आजूबाजूला अनोळखी भिंती. झोपेतच मला ओढून नेलं होतं. माझं रक्त काढून साठवत होते, कारण गेममध्ये त्याचा उपयोग होतो. उपाशी मरून सुटावं म्हटलं तर बळेच खायला घालायचे. मी माइकवर विचारलं, 'माझ्याकडे काहीच नाही, मला का धरलंय?' उत्तर आलं ते आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या आवाजात, अगदी शांतपणे : 'तू आमचा आहेस.'

दुसरी व्यक्तिरेखा करून नव्याने सुरुवात केली की प्रश्न मिटतो. मी तेच केलं. पण तो आवाज बरेच दिवस कानात होता. त्या मुलाला हे कुणी शिकवलं असेल, असं अजून वाटतं.

• • •

(धागाकर्ती) हे वाचून काय म्हणावं सुचत नाहीये. हे गेमच्या नियमात बसतं असं कुणी म्हणेल, पण मला ते पटत नाही. लहान मुलांना अनोळखी लोकांच्या सर्व्हरवर एकटं सोडू नका, एवढं मी इथे आग्रहाने लिहिते.

• • •

गुहेतला टायटॅनोबोआ. दिवा बंद होता, फुसकारा ऐकू आला, दिवा लावला तर तो हाताच्या अंतरावर. मी जीवाश्मांबद्दल वाचत असतो, म्हणून जास्त घाबरलो असेन. हा साप खरोखर होता. कोलंबियातल्या सेरेहोनच्या कोळसा खाणीत त्याचे मणके सापडले, २००९मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, लांबी सुमारे १३ मीटर. डायनोसॉर संपल्यानंतर काही दशलक्ष वर्षांनी तो आला, म्हणजे या दोघांची गाठ कधी पडलीच नाही. गेमच्या बेटावर सगळ्या काळांतली जनावरं एकत्र कोंबली आहेत. हेलेना वॉकर या जीवशास्त्रज्ञ पात्राच्या विखुरलेल्या टिपणांतही हाच प्रश्न आहे : इतके मांसभक्षक एका बेटावर टिकतात कसे? ती टिपणं ओळीने वाचत गेलात तर कुठल्याही दातांपेक्षा तीच जास्त अस्वस्थ करतात.

• • •

हा आर्कचा नाही, चालेल ना? 'अ‍ॅन्सेस्टर्स : द ह्यूमनकाइंड ओडिसी', २०१९चा. १ कोटी वर्षांपूर्वीची आफ्रिका. सुरुवातीलाच मोठा वानर मारला जातो आणि तुम्ही त्याचं पिल्लू होता. कुठेतरी लपायचं, बस. जंगल अनोळखी असल्यामुळे पिल्लाला चहूकडून श्वापदांचे भास होतात. ते भास आहेत हे मला कळत होतं, पिल्लाला नव्हतं. मी खोलीतला दिवा लावून पुढे खेळले.

• • •

रात्री उशिरा लिहितोय. माझ्या गोष्टीत हल्ला नाही.

रेक्सचं अंडं ३२ ते ३४ अंशांत सुमारे ५ तास उबवावं लागतं. पिल्लू पूर्ण मोठं व्हायला जवळजवळ ४ दिवस. त्यातले पहिले साधारण ९ तास ते गव्हाणीतलं खात नाही, हातानेच भरवावं लागतं. आणि सुरुवातीला त्याच्यापाशी मांस मावतंही थोडंच. म्हणजे माणसाने तिथे बसायचं.

मी शुक्रवारी संध्याकाळी बसलो. दर थोड्या वेळाने भरवत होतो. पिल्लू मध्येच गोंजारायला मागायचं, मध्येच फिरायला. रात्री खुर्चीतच डोळा लागला. जाग आली तेव्हा खोली खूप शांत वाटली. त्याचा आवाज येत नव्हता. ट्राइबच्या नोंदींत लाल अक्षरांत एक ओळ होती : दिवस, वेळ, त्याचं नाव, पातळी, भुकेने मेलं. माझ्या पिशवीत २०० तुकडे मांस होतं.

त्या नोंदींची यादी ठरावीक लांबीची असते. नवीन ओळी येत गेल्या, ती ओळ खाली सरकत गेली आणि एके दिवशी दिसेनाशी झाली. तोपर्यंत मी अंड्यांना हात लावला नव्हता. आज पुन्हा एक उबवलंय, दीड तासापूर्वी फुटलं. बायको आणि मी पाळ्या लावल्यात. माझी सव्वातीनला सुरू होते, तीन गजर लावून ठेवलेत.