मिठाला पाणी सुटतं, साखर मात्र कोरडी राहते. असं का?

वेंगुर्ल्याची_लोणची

नमस्कार मंडळी. माझा घरगुती लोणच्यांचा व्यवसाय आहे. मे महिन्यातच खडेमीठ घेऊन ठेवते. पाऊस लागला की बरणीच्या तळाला पाणी जमतं. त्याच फळीवर साखरेचा डबा असतो, ती बरेचदा मोकळीच्या मोकळी राहते. मीठ तव्यावर भाजूनही ठेवलं, थोड्याच दिवसांत पुन्हा ओलं.

मुलगा अकरावी सायन्सला आहे. त्याच्या मते हा बाष्पदाबाचा प्रकार आहे. पण वहीत लिहिलंय की पाण्याचा बाष्पदाब फक्त तापमानावर अवलंबून असतो. दोन्ही डबे एकाच फळीवर, मग फरक कुठून आला? त्याची दुसरी शंका अशी: परातीतलं पाणी तांब्यातल्यापेक्षा लवकर आटतं, म्हणजे परातीतल्या पाण्याचा बाष्पदाब जास्त असतो का?

रसायन_मास्तर

ताई, मी सावंतवाडीकडे ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. मुलाला सांगा, दोन्ही शंका फार चांगल्या आहेत. आधी परातीचं बघू.

झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत अर्धं पाणी आहे असं धरा. पृष्ठभागावरचे काही रेणू सुटून वर जातात, वरचे काही परत पाण्यात येतात. जाणारे आणि येणारे सारखे झाले की वाफेचा दाब वाढायचा थांबतो. तो दाब म्हणजे त्या तापमानाचा बाष्पदाब. पृष्ठभाग दुप्पट केला तर जाणारेही दुप्पट आणि येणारेही दुप्पट, दाब तोच. पाणी पेलाभर असो की पिंपभर, दाब तोच. परातीत पाणी लवकर आटतं कारण ती पसरट आणि उघडी असते, जास्त पृष्ठभागावरून रेणू सुटतात आणि वारा वाफ वाहून नेतो, त्यामुळे परत येणारे रेणू कमी पडतात. तो आटण्याचा वेग झाला. वेग आणि दाब या दोन गोष्टी मुलाने वेगळ्या ठेवाव्यात, परीक्षेत सगळ्यात जास्त मुलं इथेच घसरतात.

आता तापमान. शुद्ध पाण्याचा बाष्पदाब ० अंश सेल्सिअसला ४.६ मिलिमीटर पारा, २० ला १७.५, ३० ला ३१.८, ४० ला ५५.३, ६० ला १४९ आणि १०० ला ७६०. दाब तापमानाच्या प्रमाणात वाढत नाही, झपाट्याने वर चढतो. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात, ते तोडून निसटण्याइतकी ऊर्जा थोड्यांकडेच असते. तापमान थोडं वाढलं तरी अशा रेणूंची संख्या भराभर वाढते.

वहीतलं वाक्य शुद्ध पाण्यापुरतं बरोबर आहे. तुमच्या बरणीत शुद्ध पाणी नाही. पाण्यात काही विरघळलं की बाष्पदाब उतरतो. समुद्राच्या पाण्याचा साधारण २ टक्क्यांनी उतरतो, पण मीठ आणखी विरघळणार नाही इतकं दाट द्रावण केलं तर तो शुद्ध पाण्याच्या ७५ टक्क्यांवर येतो. साखरेचं तसंच दाट द्रावण सुमारे ८५ टक्क्यांवर थांबतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

जुलैत घरात २८ अंश तापमान धरू. शुद्ध पाण्याचा बाष्पदाब २८.३. हवेची आर्द्रता ८० टक्के असेल तर हवेतल्या वाफेचा दाब २२.७ मिलिमीटर. मिठाच्या दाट द्रावणाचा २१.३, साखरेच्या द्रावणाचा २४. वाफ जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते. त्यामुळे हवेतलं पाणी मिठावर उतरतं आणि साखरेवर टिकत नाही. म्हणजे मिठाला पाणी "सुटत" नाही, ते बाहेरच्या हवेतून येतं. आर्द्रता ८५ च्या वर गेली की साखरही चिकट होते, हे तुम्ही झडीच्या दिवसांत पाहिलं असेलच.

खडेमिठाचं दुखणं आणखी एक आहे. त्यात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड राहिलेलं असतं, समुद्राच्या पाण्यातूनच आलेलं. त्याच्या दाट द्रावणाचा बाष्पदाब शुद्ध पाण्याच्या जेमतेम ३३ टक्के. कोकणात पावसाळ्यात कुठल्याच दिवशी हवेची आर्द्रता ३३ च्या खाली येत नाही. तव्यावर भाजल्याने पाणी जातं, पण हा क्षार तिथेच राहतो.

बेदाणा_तासगाव

मास्तरांचं वेग आणि दाबाचं बोलणं आमच्या शेडवर रोज दिसतं. द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवून मग जाळीवर टाकतो. त्याने सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि पाणी लवकर बाहेर पडतं. आतल्या रसाचा बाष्पदाब काही त्याने बदलत नाही.

सुरुवातीला माल झटझट वाळतो, शेवटी शेवटी मात्र जाम रेंगाळतो. आता कळलं, पाणी कमी होईल तशी साखर दाट होते आणि बाष्पदाब उतरत जातो. त्यातच मार्चमध्ये अवकाळी आला, हवा दमट झाली, की वाळणं थांबतं आणि माल काळा पडायला लागतो. त्या दिवसांत जिवाला घोर असतो.

माजी_सैनिक_सातारा

बाहेरच्या हवेच्या दाबाबद्दल सांगतो. लेहला होतो तेव्हा उघड्या पातेल्यात डाळ शिजायची नाही. तिथे पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळतं. मला वाटायचं, तिथल्या पाण्याचा बाष्पदाबच वेगळा असणार. सर, तसं असतं का?

रसायन_मास्तर

नाही दादा. ८८ अंशांना पाण्याचा बाष्पदाब ४८७ मिलिमीटर, साताऱ्यातही तेवढाच. लेहला हवेचाच दाब जवळपास तेवढा उतरलेला असतो. बाष्पदाब बाहेरच्या दाबाला गाठतो तेव्हा पाणी उकळतं, म्हणून तिथे लवकर उकळतं आणि ८८ अंशांवरच अडकतं. कुकरमध्ये उलट. आत दोन वातावरणांइतका दाब झाला (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब, ७६० मिलिमीटर) की पाणी १२० अंशांपर्यंत जातं. बाहेरच्या दाबाने खुद्द बाष्पदाबात पडणारा फरक नगण्य आहे, एका वातावरणामागे एका टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी.

मिठाचं द्रावणही यातच बसतं. त्याचा बाष्पदाब उतरलेला असतो, म्हणून ७६० गाठायला जास्त तापवावं लागतं. मिठाने भरलेलं पाणी साधारण १०८ अंशांना उकळतं.

वेंगुर्ल्याची_लोणची

सर, मुलगा आकडे वहीत उतरवून घेतोय. तो विचारतो, बाष्पदाब बदलायला आणखी काही कारण असतं का? आणि मी विचारते, माझ्या खडेमिठाचं काय करू?

रसायन_मास्तर

त्याला सांगा, पृष्ठभागाची वक्रता. अतिसूक्ष्म थेंबाचा पृष्ठभाग इतका वळलेला असतो की रेणूंना धरून ठेवणारे शेजारी कमी पडतात आणि बाष्पदाब वाढतो. त्रिज्या मायक्रोमीटरच्या शंभराव्या भागाइतकी असेल तर १० टक्क्यांहून जास्त. असा शुद्ध पाण्याचा थेंब ढगात टिकत नाही, लगेच उडून जातो. मात्र समुद्राच्या फेसातून उडालेला मिठाचा कण आत असला तर मीठ बाष्पदाब खाली ओढतं, थेंब तगतो आणि वाढतो. आपल्याकडे अरबी समुद्रावरून येणाऱ्या ढगांत असे कण असतात. मला हा भाग शिकवायला सगळ्यात जास्त आवडायचा.

तुमच्या मिठासाठी: थोडं मीठ पाण्यात विरघळेनासं होईपर्यंत घालून दाट द्रावण करा आणि गाळून घ्या. खडे चाळणीत घेऊन त्यावर ते ओता, निथळू द्या. मॅग्नेशियमचा क्षार त्यात वाहून जाईल, आणि द्रावण आधीच मिठाने भरलेलं असल्यामुळे तुमचे खडे फारसे विरघळणार नाहीत. साधं पाणी मात्र वापरू नका. नंतर मेच्या उन्हात कडकडीत वाळवून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्यांत भरा. रोजच्या वापराची बरणी छोटी ठेवा, मोठी सारखी उघडू नका. जुलैत बरणी उघडी राहिली तर धुतलेलं मीठही ओलं होणारच, कारण ७५ टक्क्यांची मर्यादा शुद्ध मिठालाही आहे.