ऐतिहासिक बालकादंबरीने दिलेले शब्द : आपले अनुभव लिहा

शिवकालीन आरमारावरची एक बालकादंबरी सध्या आमच्या घरी रोज रात्री वाचली जाते. 'जंग्यांतून बंदुकांच्या फैरी सुटल्या' हे वाक्य ऐकून नऊ वर्षांच्या लेकीने स्वतःच्या जांघेकडे पाहिले. सांगून अर्थ पटेना, म्हणून मालवणहून होडीने सिंधुदुर्गावर गेलो. तटातल्या तिरप्या छिद्राला, म्हणजेच जंगीला, तिने डोळा लावला आणि आभाळाऐवजी थेट खालची वाळू दिसली, तेव्हा छिद्र तिरपे का, हे तिला विचारावे लागले नाही. तटावरची वाट म्हणजे फांजी, हे तर ती धावूनच शिकली. आपल्याला असे शब्द कसे भेटले, ते अवश्य लिहावे.

अलिबागहून : गुराब आणि गलबत या दोहोंचा अर्थ 'जहाज' असा धरून मी लहानपणी पुढे वाचत गेलो होतो. वारा पडल्यावर तोफांनी जड झालेली गुराब जागीच अडकते आणि लहान गलबते वल्ही मारत येऊन तिला ओढून नेतात, हा प्रसंग दुसऱ्यांदा वाचताना फरक आपोआप उमगला.

मुरूडहून : जंजिरा म्हणजे फक्त आमच्या समोरचा, हा माझा अभिमान 'जंजिरे सुवर्णदुर्ग' या दोन शब्दांनी उतरवला. मूळ अरबी शब्दाचा अर्थच बेट असा आहे.

रत्नागिरीहून : गडाच्या हजेरीपटाचा हिशेब ठेवणारा तो सबनीस, हे वाचल्यावर वर्गातल्या सबनीस आडनावाच्या मुलाकडे आम्ही वर्षभर हजेरी सोपवली होती. (तो स्वतःच फार गैरहजर असे.)

हर्णैहून : मी कोळीवाड्यातला. पाचवीत शब्दार्थांच्या यादीत 'तांडेल : खलाशांचा नाईक' असे आले आणि बाईंनी 'कोणाला ठाऊक आहे?' असे विचारले, तेव्हा मी हात वर केला नाही. माझा आजा तांडेल होता. पण घरचे शब्द वर्गात निघाले की मुले हसत, त्यामुळे तोच शब्द छापील पानावर पाहूनही माझा विश्वास बसेना. यादी दहा वेळा लिहून काढण्याच्या शिक्षेने बाकीचे शब्द मी विसरलो, ही तक्रार आहेच. सुट्टीत आजाला ते प्रकरण वाचून दाखवले. डोलकाठी, शीड, सुकाणू यांपैकी काहीच समजवावे लागले नाही. गोष्टीतला तांडेल ऐन तुफानात सगळी शिडे ताणून उभा राहतो, हे ऐकल्यावर मात्र तो म्हणाला, "लिवणारा कधी होडीत बसला नाय."

मालवणहून पुन्हा : हर्णैकर, आपल्या आजोबांनी काय केले असते, असे लेक विचारते आहे.

हर्णैहून : शीड उतरवून नाळ लाटेसमोर धरली असती, असे ते म्हणाले होते. होडीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात, हे लेकीला सांगावे. तो शब्द आमच्या यादीत नव्हता.